बोलतं ठेवा, बोलू नका

आमच्या दाजींना सगळा बाजार भोंगा म्हणतो. पाठीमागे नाही, तोंडावर म्हणतो. त्यांना त्याचा राग नाही. उलट एखाद्या नव्या व्यापाऱ्याने खरं नाव घेऊन हाक मारली तर तेच मागे वळून बघतात, हा कोणाला बोलावतोय म्हणून. ठोक भाजीबाजारात लिलाव पुकारायचं काम त्यांचं. मी त्याच बाजारात मापाडी, म्हणजे काट्यावर माल तोलून देणारा, आणि नात्याने त्यांचा मेव्हणा. माझी थोरली बहीण त्यांच्या घरात. त्यामुळे दिवसभर त्यांची बोलणी खायची आणि वर अहोजाहो करायचं, असं माझं नशीब.

लिलाव पुकारणं म्हणजे नुसतं ओरडणं नव्हे. लोकांना तसंच वाटतं आणि मला त्याचा संताप येतो. ओरडायला काय, गाढवसुद्धा ओरडतं. दाजी ओट्यावर चढायचे, टोमॅटोच्या क्रेटवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "बघा, तुमच्याकडे बघून लाजलाय बिचारा, पार लाल झालाय. न्या कोणीतरी घरी!" हसता हसता व्यापाऱ्याचा हात वर जायचा. एक वार, दोन वार, तीन वार, की माल गेला. बाजारात म्हणतात ना, बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं. दाजींनी किती लोकांची माती खपवली असेल, त्याला गणती नाही.

पण हाच माणूस मधूनच गप्प व्हायचा. लग्नानंतर पहिल्यांदा झालं तेव्हा ताई घाबरून माहेरी निघून आली होती. "अगं, रुसलाय कशावरून तरी," आमची आई म्हणाली. तो रुसवा नव्हता. ते कामावर यायचे, पुकारायचे, आवाज तोच असायचा, पण चेहरा आवाजाबरोबर नसायचा. घरी गेले की भिंतीकडे तोंड करून पडायचे. काही दिवसांनी आपोआप उठायचे आणि जणू काही झालंच नाही अशी थट्टा सुरू. त्यांचे वडील असेच होते म्हणे. आम्ही सगळे म्हणायचो, माणूस आहे, उतरते कधीतरी बॅटरी. यालाही आजार म्हणतात हे आमच्या डोक्यातच आलं नाही.

मग ते बटाट्याच्या पोत्यांचं झालं. हमालांनी रचलेली थप्पी सरकली आणि वरची पोती दाजींच्या पाठीवर आली. ऑपरेशन झालं, पाठीला पट्टा आला आणि दुखण्यासाठी गोळ्या आल्या. त्यानंतरचे दाजी तुम्ही बघायला हवे होते! पट्टा बांधलेला माणूस, पण गडी नुसता फुलला होता. नर्सेसची थट्टा, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचा लिलाव. "आजोबा, एक वार, दोन वार, बोला, कोण नेतंय?" ताई मला म्हणाली, "अरे, पाठ मोडली पण माणूस दुरुस्त झाला." आम्ही खूश होतो.

पाठ बरी झाली, गोळ्या मात्र थांबल्या नाहीत. आधी खिशात एक पाकीट असायचं, मग दोन. एका औषधवाल्याने नाही म्हटलं की दुसरा, दुसऱ्याने हटकलं की शहराच्या पार दुसऱ्या टोकाचा तिसरा. गोळीला उशीर झाला की भर लिलावात जांभया यायच्या, नाक गळायचं, शर्ट घामाने चिकटायचा. विचारलं की एकच उत्तर, पाठ दुखतेय. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पाठ छान भरून आली आहे, इतकं दुखायचं काही कारण नाही. झालं! ताईने घरातल्या सगळ्या गोळ्या गोळा केल्या आणि संडासात ओतून वर दोन बादल्या पाणी टाकलं. आमच्या ताईचं काम असं असतं, एक घाव दोन तुकडे.

दाजींनी खूप सोसलं. थंडी वाजायची, पायात गोळे यायचे, पोट थांबायचं नाही. एवढं एकदम तोडायचं नसतं, डॉक्टरांच्या नजरेखाली हळूहळू उतरवायचं असतं, हे आम्हाला पुढे कळलं. आठवडाभराने शरीर शांत झालं आणि आम्ही म्हणालो, सुटलो बाबा. कसले सुटतोय! आगीतून फुफाट्यात गेलो होतो. शरीर शांत झालं ते झालंच, त्याच्यासोबत माणूसही शांत झाला. ते ओट्यावर चढेनात. पायरीवर बसून राहायचे. दुसऱ्या शहरात नोकरी करणारी त्यांची लेक रजा काढून आली, तर तिच्याकडे असं बघितलं जणू शेजाऱ्यांकडे पाहुणी आली आहे. ताईने त्यांच्या आवडीचं सगळं करून वाढलं. ते म्हणाले, "मीठ कळतंय गं. चव लागत नाही." तिने ताट उचललं आणि आत जाऊन रडली. इकडे बाजारात लिलावाला एक कारकून उभा केला होता. त्याचा आवाज असा की डास बरा. माल पडेल भावात जात होता, पण त्याचं कोणाला सांगायचं?

एकदा दुपारी बाजार उठल्यावर मी गोदामात रिकामे क्रेट ठेवायला गेलो, तर थप्पीमागे दाजी बसलेले, हातात पाकीट. पुन्हा सुरू झालं होतं. माझं टाळकंच सरकलं. मी म्हणालो, "दाजी, लाज नाही वाटत? ताईने जिवाचं रान केलं आणि तुम्ही पाठीचं नाटक घेऊन बसलात!"

ते चिडले नाहीत. म्हणाले, "पाठीसाठी नाही रे घेत. पाठ कधीच बरी झाली."

"मग?"

"ऑपरेशननंतर पहिली गोळी दिली ना, तेव्हा पाठीचं दुखायचं थांबलं. आणि त्याच्याबरोबर अजून एक दुखायचं थांबलं. ते थांबलं तेव्हा मला कळलं की ते होतं. लहानपणापासून होतं, मेव्हण्या. मला वाटायचं सगळ्यांनाच असतं." मग म्हणाले, "आता गोळी घेतली तरी ते थांबत नाही. नाही घेतली तर दुप्पट येतं. असंच चाललं तर मी काही राहत नाही."

हातातले क्रेट खाली ठेवले. मी त्यांच्या शेजारी क्रेटवर बसलो. दुसऱ्या दिवशी ताईला सोबत घेतलं आणि दाजींना हाताला धरून व्यसन आणि मनाच्या आजारांच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई वयाने आमच्या भाचीएवढ्या. चष्मा डोळ्यांवर कमी आणि केसांत जास्त. पण ऐकून घ्यायची पद्धत अशी की दाजी त्यांच्यापुढे वडिलांच्या गप्पपणापासून सगळं बोलले. मग त्यांनी आम्हा तिघांना समजावलं. म्हणाल्या, "अफूच्या जातीची ही गोळी शरीराला नवीन नसते. तसलंच काहीसं आपला मेंदू स्वतः बनवतो, आतलं दुकान म्हणा. खरचटलं तरी त्या दुकानातून माल निघतो आणि कोणी जिवाभावाचं दुरावलं तरी निघतो. शरीराचं दुखणं आणि मनाचं दुःख यांची दुकानं पूर्ण वेगळी नाहीत. काही जणांचं हे दुकान मुळातच मंद चालत असावं असं वाटतं. सगळं अजून कोणालाच नीट कळलेलं नाही, पण ज्यांना आधीपासून उदासीचा आजार असतो ते या गोळीत लवकर अडकतात, हे आम्ही रोज बघतो."

"मग गोळी चांगलीच की!" ताई म्हणाली. तिला कुठे थांबावं हे कळत नाही.

"सुरुवातीला वाटते चांगली. पण बाहेरून रोज माल यायला लागला की आतलं दुकान शटर ओढून घेतं. आणि गोळीचा अंमल उतरला की मेंदूत तिच्या उलट काम करणारी रसायनं चढतात, ती माणसाला अजून खाली ओढतात. मग उदासीसाठी गोळी आणि गोळीमुळे उदासी. कोण कोणाच्या मागे लागलंय तेच कळत नाही. म्हणून दोन्हीवर एकदम उपचार करायचे. एकाला धरलं आणि दुसऱ्याला सोडलं तर दोन्ही परत येतात."

मला माझ्या काट्यावरून पटलं. काट्याचं शून्यच खाली सरकलं असेल तर वर कितीही माल टाका, वजन कमीच दाखवणार. ताईला मात्र पटेना. औषध म्हणून त्या देणार होत्या ती गोळी त्याच जातीची होती, सावकाश चालणारी, तलफ भागवणारी पण डोक्यात न चढणारी. "म्हणजे विषावर विषच ना?" ताई म्हणाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाय मोडलेल्याला काठी देतो ना आपण, तशी समजा. काठीला कोणी व्यसन म्हणत नाही." सोनारानेच कान टोचावे लागतात. मी हेच सांगितलं असतं तर ताईने मला लाटण्याने मारलं असतं.

मग दाजींना नर्स एका खोलीत घेऊन गेली, गोळी कशी घ्यायची ते सांगायला. ताईला डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या खोलीत बोलावलं, घरी काय काळजी घ्यायची ते सांगायला. मी बाहेर बाकावर बसून भिंतीवरचं पंख्याचं बटण बघत होतो. दोघं बाहेर आली तेव्हा दोघांचेही चेहरे जरा उजळले होते. मला वाटलं, आता गाडी रुळावर आली.

गाडी कसली रुळावर येतेय! दाजी गोळी रोज न चुकता घेत होते, ताई समोर उभी राहून खात्री करत होती, आणि तब्येत होती तिथेच. तीच जांभई, तोच घाम, दुपारपर्यंत तलफेने हात थरथरायचे. पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घेता ना नियमित?" दाजी म्हणाले, "हो." ताई म्हणाली, "माझ्यासमोर घेतात." दोघंही खरंच बोलत होती. बाईंनी गोळी थोडी वाढवली. त्यानेही फरक पडेना. उदासीचं औषध सुरू होतं, पण त्याला वेळ लागतो म्हणाल्या होत्या, आणि दाजींकडे वेळच उरला नव्हता असं मला दिसत होतं.

एका संध्याकाळी ते माझ्या काट्यापाशी आले. मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. "ठेव तुला. मला काही लागत नाही." मग म्हणाले, "त्या कारकुनाला जरा पोटातून बोलायला शिकव. घशातून ओरडतो, गळा बसेल त्याचा." आणि जाता जाता, "हा शेवटचा इलाज होता रे. तोही माझ्यावर चालत नाही."

इतकी वर्षं ज्या माणसाने स्वतःचा पेन्सिलीचा तुकडासुद्धा कोणाला दिला नाही, तो घड्याळ देऊन चाललाय! त्यांना घरी पोचवलं, ताईला बाजूला घेऊन सांगितलं, त्यांना नजरेआड करू नकोस. सकाळ झाली तशी काटा दुसऱ्यावर सोपवून मी सरळ त्यांच्या घरी गेलो.

दार ताईनेच उघडलं. दाजी स्वयंपाकघरात खिडकीजवळच्या खुर्चीवर बसले होते. मला बघून मान हलवली. गोळी काढली, तोंडात ठेवली, ओठ मिटले.

"झोप लागली का?" ताईने ओट्यापाशी उभं राहून विचारलं.

त्यांनी मान डोलावली.

"मान काय हलवता? बोला ना."

ते गप्प.

"अहो, बोला ना काहीतरी. जेवायला काय करू आज?" तिचा आवाज कापायला लागला होता. "अहो!"

दाजींनी तिच्याकडे बघितलं. मी त्यांच्या घशाची घाटी वर गेलेली आणि खाली आलेली स्पष्ट बघितली. "कर काहीही," ते म्हणाले.

"हं, असं बोलत जावं माणसाने," ती म्हणाली आणि सुटकेचा निःश्वास टाकून वाफाळता चहा त्यांच्या हातात दिला. ते प्यायले.

"दाजी," मी म्हणालो, "ती गोळी गिळायची असते का?"

"नाही. जिभेखाली धरायची. पूर्ण विरघळेपर्यंत बोलायचं नाही, काही प्यायचं नाही. पोटात गेली तर फारसा उपयोग नाही म्हणाली नर्स."

"मग गिळलीत का?"

"ही विचारते ना."

ताईच्या हातातलं भांडं खाली आपटलं. "मला डॉक्टरांनी सांगितलंय! एकटं पडू देऊ नका, गप्प बसू देऊ नका, बोलतं ठेवा, असं माझा हात धरून सांगितलंय! मी रोज देवासारखं पाळलं!"

मी कपाळावर हात मारून घेतला. नवऱ्याला एका खोलीत सांगितलं बोलू नका, बायकोला दुसऱ्या खोलीत सांगितलं बोलतं ठेवा, आणि दोघांनी मिळून रोज सकाळी औषध चहाबरोबर पोटात ढकललं! मी ओरडलो, "अहो, मग तिला सांगता येत नव्हतं? बोलता येत नाही तर हाताने खूण करायची!"

"केली होती एकदा," दाजी म्हणाले. "ती रडायला लागली. तिला वाटलं, मी पुन्हा भिंतीकडे तोंड करणार. मग म्हटलं, जाऊ दे. नर्स म्हणाली 'फारसा' उपयोग नाही. फारसा नाही म्हणजे थोडा तरी होत असेल."

यावर हसावं की रडावं? मी आधी हसलो, मग मलाच माझी लाज वाटली, कारण ताई ओट्याला धरून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. दाजी उठून तिच्यापाशी गेले. "अगं, तू विचारलंस म्हणून मी बोलायचो. नाहीतर दिवसभरात एक शब्द निघत नव्हता माझ्या तोंडातून." हे समजूत घालायला म्हणाले, पण तिला अजूनच भरून आलं.

आम्ही तिघं तसेच उठून दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी ऐकलं आणि केसांतला चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "दोघांनाही बरोबरच सांगितलं. एका खोलीत सांगायला हवं होतं." नर्सला बोलावलं, सगळं पुन्हा समजावलं, काही दिवस गोळी दवाखान्यातच येऊन समोर घ्यायची ठरवली. मी घड्याळाचं सांगितल्यावर दाजींना एकट्यांना आत ठेवून बराच वेळ बोलल्या. नंतर आम्हाला म्हणाल्या, "जीव द्यावा असं मनात येतं का, हे त्यांना सरळ विचारत जा. विचारल्याने ते डोक्यात भरत नाही, उलट बाहेर यायला वाट मिळते." ताईने हो म्हटलं, पण तो प्रश्न तिच्या तोंडून निघेना. जेवायला काय करू, हे सोपं असतं. माणूस सोपंच विचारतो.

दाजी गोळी पुन्हा घरी घ्यायला लागले तेव्हा खरी परीक्षा सुरू झाली, आणि ती ताईची. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि नवऱ्याच्या तोंडात गोळी भिजेपर्यंत तिने गप्प बसायचं! पहिल्या दिवशी ती ओठांवर पदर दाबून बसली. दुसऱ्या दिवशी गॅलरीत जाऊन आधीच वाळलेले कपडे पुन्हा वाळत घातले. मला फोन करून सांगायची, "अरे, ते गप्प असले की माझ्या छातीत धडधडतं. मला वाटतं, गेले." मी म्हणायचो, "ताई, ते गेले नाहीत, औषध घेतायत." हळूहळू ती त्यांच्या समोरच्या खुर्चीवर येऊन बसायला लागली. नुसती बसायची. कधी त्यांच्या बोटांवर बोटं ठेवायची.

जांभया थांबल्या, हातांची थरथर थांबली. मन एवढ्यात वर येईना, पण आणखी खालीही जाईना. काही आठवड्यांनी एका सकाळी मी त्यांच्याकडे होतो. दाजी खिडकीशी, ताई समोर, मी दारात वर्तमानपत्र घेऊन. गोळी विरघळली असावी, कारण दाजींनी जीभ फिरवून बघितली. ताईने एव्हाना लगेच विचारायची सवय सोडली होती. चहा झाकून ठेवलेला होता. कोणीच काही बोललं नाही, म्हणून दाजीच बोलले.

"आज उठल्यावर मरावंसं वाटलं नाही."

अगदी साधं. आज पाऊस नाही म्हणावं तसं. माझ्या हातातलं वर्तमानपत्र तसंच राहिलं.

ताई म्हणाली, "म्हणजे रोज वाटायचं?"

"रोज."

"मी रोज तुमच्याशी बोलत होते. एवढं बोलत होते. मग सांगितलं का नाही?"

दाजींनी जरा विचार केला. त्यांना तिला दुखवायचं नव्हतं, हे दिसत होतं. "तू विचारायचीस, जेवायला काय करू," ते म्हणाले. "त्याला हे उत्तर कसं देणार?"

ताईने खुर्ची पुढे ओढली, त्यांचे दोन्ही हात धरले, आणि दवाखान्यापासून जो प्रश्न तिच्या घशात अडकला होता तो विचारला. "उद्या वाटलं, तर सांगाल?"

"सांगेन."

तेव्हापासून ती सकाळी दुसरं काही विचारत नाही. गोळी विरघळते, मग ती म्हणते, "वाटलं का?" आणि उत्तर येईपर्यंत थांबते, कितीही वेळ लागो. बहुतेक वेळा उत्तर येतं, "नाही." कधी येतं, "थोडं." 'थोडं' आलं की ती मला फोन करते, मी काटा दुसऱ्याच्या हाती देतो, त्यांच्या घरी जाऊन बसतो, आणि आम्ही तिघं दवाखाना उघडायची वाट बघतो.